बाईंच्या तोंडासमोरची बाहुली

मी एक जुनी बाहुली आहे, मित्रांनो. हातात चढवून बोलती करायची. एका शिंपीणबाईंनी मला उरलेल्या जांभळ्या मखमलीतून शिवलं, तोंडात पुठ्ठा घातला आणि डोळ्यांना दोन वेगवेगळ्या कोटांची बटणं लावली. त्यामुळे माझी नजर जरा तिरकी आहे. पण तिच्यातून काही सुटत नाही, हेही ऐकून ठेवा.

मी कामाला लागले ती एका संशोधक बाईंकडे. मुलं बोलायला कशी शिकतात आणि काहींची गाडी कुठे अडते, हे शोधणं बाईंचं काम. खोली छोटी, खुर्च्या बुटक्या. बाई मला आपल्या तोंडासमोर धरत आणि माझ्या नावाने बोलत. तेही काय, तर चुकीचं! घोड्याच्या चित्राला मी गाय म्हणायचं आणि मुलाने मला सुधारायचं. त्यावरून मुलाला काय समजतं ते बाईंना कळे. म्हणजे मी चांगली शहाणीसुरती, आणि जन्मभर सोंग वेडीचं! मुलं मात्र खूश. "हिला काहीच येत नाही!" म्हणून खिदळत. मी ते मानाने घेतलं.

माणसांवर भरवसा मात्र मी कधी टाकला नाही. टेबलाखालून मुलाला डिवचणारा आईचा पाय मी पाहिलाय. दाराबाहेरची "नीट सांग हं, मग खाऊ देईन" ही कुजबुजही ऐकलीय.

म्हणून भिंगरी आली तेव्हाही मी सावध होते. भिंगरी म्हणजे एका जागी न ठरणारी चार वर्षांची पोर. सोबत तिची आजी. शाळेचं म्हणणं होतं, मुलगी हाकेला ओ देत नाही, विचारलं तर भलतंच बोलते. बाईंनी तपासून सांगावं, मग तिला वर्गात ठेवायचं की नाही ते ठरवू.

"घरी माझ्याशी कचाकचा भांडते हो ही," आजी म्हणाली. "तोंड मिटत नाही तिचं."

बाईंनी नुसतं "बरं" म्हटलं. मलाही ते खरं वाटलं नाही. नातीसाठी आजी काय वाट्टेल ते सांगेल. आणि ती आजी? ती माझ्याकडेच संशयाने बघत होती.

बाईंनी मला तोंडासमोर धरलं. "ही गाय आहे ना?" भिंगरीने घोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग छत्रीचं चित्र. "हे जहाज आहे ना?" पुन्हा मान डोलली. बाईंचा आवाज उतरला.

आजी ताडकन उठली. "अहो, घोड्याला गाय? पोर काय शिकेल यातून? आधी या बयेला बाजूला करा!" तिने मला मोज्यासारखं ओढून काढलं आणि टेबलावर आपटलं. माझ्या जबड्याची शिवण उसवली. एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता!

बाई भांबावल्या. उघड्या चेहऱ्याने, त्याच आवाजात म्हणाल्या, "हे जहाज आहे ना?"

"नाही! छत्री!" भिंगरी ओरडली. "तू वेडी आहेस का?"

आजीनेच खूण केली असणार, असं मला वाटलं. बाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी आजीला भिंगरीच्या मागे बसवलं. मग ओठांवर हात धरून नवं चित्र विचारलं. भिंगरीने नुसती मान डोलावली. हात काढला, की झटकन बरोबर उत्तर. पुन्हा हात, पुन्हा ते डोलणं.

"आजी," बाई हळूच म्हणाल्या, "हिचे कान तपासायला हवेत. ही ओठ बघून बोलणं ओळखते. आणि ओठ मीच झाकत होते."

आजीने कपाळावर हात मारला. "मी पाठमोरी असले की ही ऐकत नाही. मी आपली हट्टी म्हणून ओरडायचे."

कान तपासले, कानामागे ऐकायचं यंत्र बसलं, वर्गातली जागा राहिली. काही महिन्यांनी भिंगरी पुन्हा आली. माझा जबडा शिवून झाला होता. आता बाई मला छातीशी धरतात, चेहरा उघडा ठेवून. भिंगरीने मला मांडीवर घेतलं आणि घोडा समजावू लागली. मागे दारातून आजीने हाक मारली, "चल गं, उशीर झाला."

"थांब ना आजी, हिला शिकवतेय," भिंगरी मान न वळवता म्हणाली.

मी लगेच इकडेतिकडे पाहिलं, समोर कुठे आरसाबिरसा आहे का. नव्हता.

तेव्हा मित्रांनो, संशय घ्या, माझी ना नाही. पण एखादं मूल उत्तर देत नसेल, तर त्याच्यावर घेण्याआधी त्याच्या समोर जा, चेहरा दाखवा आणि पुन्हा एकदा विचारा. मध्ये काय आडवं आलंय तेही बघा. मखमलीचं असलं तरी.