तिसऱ्या रांगेतली रेवती

सात सीटच्या गाडीत तिसऱ्या रांगेत बसलं की मूल सात वर्षांनी मोठं होतं, हे आम्हाला शोरूममध्ये गेल्यावर कळलं.

आधी आत शिरला तो ओजस. तो चार वर्षांचा आहे. मृणाल सेल्समनला डिकीबद्दल विचारत होती आणि मी, काही कळत नसताना, चाकं दाबून बघत होतो. तेवढ्यात तो मधली सीट ओलांडून मागे गेला. मी वाकून आत पाहिलं. कोपऱ्यात अकरा वर्षांचा एक मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. अंगात ओजसचाच पिवळा टीशर्ट होता आणि तो त्याला नीट बसत होता.

"ओजस?"

"काय?" त्याने मान वर केली नाही.

सेल्समनचं नाव पाटोळे. पन्नाशीचे, खिशाला दोन पेनं. ते माझ्या शेजारी येऊन वाकले.

"मागच्या रांगेत होतं तसं, सर. पुढे आला की पूर्ववत."

"सगळ्या गाड्यांत?"

"सात सीटरमध्ये. पाच सीटरला तिसरी रांगच नसते."

मृणाल दारात येऊन उभी राहिली. "शिरीष, त्याची हनुवटी बघ," ती म्हणाली. हनुवटीवर टाक्यांची जुनी खूण होती.

"हे कधी लागलं रे?" तिने विचारलं.

"पोहायला शिकलो तेव्हा," ओजस म्हणाला. "तू होतीस की."

तिने त्याला पुढे बोलावलं. मधल्या सीटवर पाय टाकताच तो चार वर्षांचा झाला आणि खूणही गेली. मी त्याला उचलून घ्यायला दोन्ही हात पुढे केले. सकाळी तो आमच्या बिल्डिंगचे तीन मजले माझ्या कडेवर बसून उतरला होता.

"मी उतरतो," तो म्हणाला, आणि उतरला.

गाडी हवी होती मृणालला. मुलं मोठी होताहेत, तिचं म्हणणं. रेवती आठ वर्षांची, जुन्या गाडीत तिचे पाय समोरच्या सीटला लागतात, दोघांची खिडकीवरून भांडणं होतात. मला मुलांच्या खिडक्यांबद्दल फार माहिती नव्हती. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. सोमवार ते शुक्रवार जत, आटपाडी, विटा, एकेका दवाखान्याबाहेर तासभर बसायचं. शुक्रवारी सांगलीत परत येतो तेव्हा मुलांनी आठवड्यात काय काय केलं ते मृणाल मला जेवताना सांगते. तो शनिवार होता. मी शनिवारची वाट बघत असतो.

"आता मी," रेवती म्हणाली आणि कुणी हो म्हणायच्या आत मागे गेली.

पंधरा वर्षांची रेवती उंच होती. चष्मा लागला होता. केस मानेपर्यंत कापलेले. तिने आधी मृणालला बोलावलं. दोघी काचा वर करून बसल्या. मी बाहेरून बघत होतो. रेवती बोलत होती, मृणाल ऐकत होती, मग मृणाल इतकी हसली की तिने तोंडावर ओढणी धरली. ओजस शोरूमच्या कोपऱ्यात चित्र रंगवत होता. मला वाटलं, काच खाली करायला सांगावं. पण सांगितलं नाही.

पंधरा मिनिटांनी मृणाल बाहेर आली. तिचे डोळे ओले होते.

"काय म्हणाली?"

"तिला माझ्या हातची भेंडी आवडायला लागलीय." तिने नाक पुसलं. "आणि एक सांगितलं, पण ते तुला सांगायचं नाही म्हणाली. जा तू आता. बोलावलंय."

मी पाटोळ्यांकडे पाहिलं.

"मोठ्यांना काही होत नाही, सर. मोठी माणसं आहेत तेवढीच राहतात."

मी मागे जाऊन बसलो. तिथे जागा कमी होती, माझे गुडघे वर आले. रेवतीच्या अंगाला आमच्या घरात नसलेल्या कसल्या तरी साबणाचा वास येत होता. ती माझ्याकडे बघत राहिली. आधी कपाळाकडे, मग कानाकडे, मग हाताकडे.

"अशी काय बघतेस?"

"तुझा चेहरा बघतेय, बाबा. समोरून."

"रोज दिसत नाही का?"

"मागून दिसतो," ती म्हणाली. "तू पुढे असतोस ना. गाडी चालवत. तुझ्या मानेवर एक तीळ आहे, तो मला पाठ आहे."

"शनिवारी तर मी घरीच असतो."

तिने माझा हात घेतला, तळवा उघडला आणि स्वतःचा तळवा त्यावर मापून ठेवला. तिची बोटं माझ्या बोटांच्या शेवटच्या पेरापर्यंत आली होती. सकाळी ती जेमतेम मधल्या पेरापर्यंत येत होती.

"आईला काय सांगितलंस?"

"ते आईचं आहे."

"मग मला काहीतरी सांग."

"तू विचार ना."

मी विचार केला. तिच्या वर्गशिक्षिकेचं नाव मला ठाऊक नव्हतं, मैत्रिणींची नावं ठाऊक नव्हती. ज्याबद्दल विचारायचं ते आधी थोडं माहीत असावं लागतं. ती थांबली होती. घाई करत नव्हती.

"सर," पाटोळ्यांनी काचेवर टकटक केली. "टेस्ट ड्राइव्हला हीच गाडी काढायचीय."

"तुम्हीच चालवा," मी म्हणालो. "मी इथे बसतो."

"ज्यांचं नाव फॉर्मवर आहे त्यांनाच चालवावी लागते."

"माझं नाव घाला," मृणाल म्हणाली.

"फॉर्म भरून झालाय, मॅडम."

मी पुढे जाऊन बसलो. पाटोळे माझ्या डाव्या बाजूला. मृणाल आणि ओजस मधल्या रांगेत, रेवती मागे. मिरज रस्त्याला लागलो. आरशात रेवती दिसत होती, तिने मला बघून हात हलवला. आता विचारण्यासारखं एक सुचलं होतं: तुला रात्री झोप लागते का? मी तोंड उघडलं, तेव्हा तिच्या आणि मृणालच्या मध्ये सीटची आणखी एक रांग होती.

"सात सीटर म्हणाला होतात."

"उभी असताना सात, सर. चालायला लागली की वाढते."

मृणाल सीटबेल्ट काढून उठली. "मी तिच्याजवळ जाते," ती म्हणाली. "ओजस, चल." ती दोघं मागे गेली. रिकाम्या रांगा त्यांच्या मागोमाग मध्ये येत राहिल्या. मी आरशात मोजल्या: पाच, मग आठ. ओजसला मिशी आली. मग त्याने बाही गुंडाळली आणि एका लठ्ठ, टक्कल पडू लागलेल्या माणसासारखा तो खिडकीला टेकून बसला. मृणाल छत्तीसचीच होती. तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. ती तिघं कशावर तरी हसत होती. हसणं मला उशिरा ऐकू यायचं. आवाज येईपर्यंत तोंडं बंद झालेली असत.

"यू-टर्न कुठेय?"

"पुढे आहे."

मी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली नाही. माझी सीट मात्र दोन बोटं पुढे सरकली आणि स्टिअरिंग पोटाला लागलं. मागे जितकी जागा होत होती तितकी पुढे कमी होत होती. पाटोळ्यांनी आपले गुडघे बाजूला घेतले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा होत्या, सगळ्या सारख्या. काच इतकी जवळ आली की माझ्या श्वासाने ती धुरकट होऊ लागली.

"रेवती!" मी हाक मारली.

बऱ्याच वेळाने आरशात, अगदी शेवटी, पांढऱ्या केसांच्या एका बाईने मान वर केली.

"काय, बाबा?"

काय विचारायचं होतं ते मला आठवेना. "पाणी आहे का?" मी म्हणालो.

ती उठली. हातात स्टीलची बाटली घेऊन, सीटच्या पाठी धरत धरत पुढे येऊ लागली. गुडघा दुखत असावा, ती एकेका रांगेत थांबत होती. चौथ्या-पाचव्या रांगेनंतर केस करडे झाले. मग काळे. मग तिने कंबर सरळ केली आणि भराभर येऊ लागली. एका रांगेत तिचं पोट पुढे आलेलं होतं, तिथे ती एक हात पोटावर ठेवून जरा बसली आणि माझ्याकडे बघून हसली. पुढच्या रांगेत पोट नव्हतं. नव्या रांगा येत होत्या, पण ती त्यांच्याहून वेगाने येत होती.

"सर," पाटोळे म्हणाले, "त्यांना मधल्या रांगेतच थांबायला सांगा."

"का?"

"पुढच्या रांगेत मुलं नसतात."

पंधरा वर्षांची रेवती चष्मा सावरत तिसऱ्या रांगेतली सीट ओलांडत होती. मग चष्मा नव्हता. आठ वर्षांची, माझी, सकाळी निघताना घातलेल्या फ्रॉकमधली रेवती माझ्या मागे उभी होती.

"बाबा, घे ना," ती म्हणाली. "हात पुरत नाही."

मला वळता येत नव्हतं. मी डावा हात मागे केला, तळवा वर करून. गार स्टील बोटांना लागलं. बाटली धरलेली तिची बोटंही लागली, ओली आणि गरम. मी बाटली ओढली नाही आणि तिनेही सोडली नाही. ती दोन सीटच्या मधून एक पाऊल पुढे आली, आणि माझ्या हातात तिची बोटं लहान होऊ लागली.