जाळीमागची बाग

"संजीवनीच्या भाकरी बऱ्या हुत्यात," कुशाबाई डाळिंबाच्या झाडाला म्हणाल्या. थोडा विचार करून त्यांनी पुढे जोडलं, "कवाकवा."

झाला विसावा दिवस. उद्याचा एक पार पडला की सुटका.

हे व्रत त्यांनी बारामतीहून आणलं होतं. चष्म्याचा नंबर काढायला जाते असं नवऱ्याला, सर्जेरावांना सांगून त्या एका मंगल कार्यालयात भाषण ऐकायला जाऊन बसल्या होत्या. 'विचार बदला, नशीब बदलेल' असा मोठा फलक लावलेला. कोट घातलेला एक माणूस सांगत होता, की ज्याचा हेवा वाटतो त्याच्याबद्दल रोज सकाळी एक चांगली गोष्ट मोठ्याने बोला, एकवीस दिवसांत संधी तुमच्या दारात येते की नाही बघा. बाकीचे लोक वहीत लिहून घेत होते. कुशाबाईंनी ते सोळा सोमवारांसारखं मनावर घेतलं. दिवस चुकवायचा नाही, व्रत चालू असताना खोटं बोलायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. मोठ्याने म्हणजे किती मोठ्याने ते त्या माणसाने सांगितलं नव्हतं, म्हणून झाडाला ऐकू जाईल एवढ्यानेच.

हेवा कुणाचा, हे शोधायला लांब जायला नको होतं. धाकटी जाऊ बांधापलीकडेच होती.

सासऱ्यांच्या माघारी कळस गावातल्या बागेची वाटणी झाली तेव्हा थोरलेपणाच्या मानाने रस्त्याकडचा तुकडा कुशाबाईंनी घेतला, मागचा संजीवनीला गेला. माती तीच, विहीर तीच, झाडंही एकाच दिवशी लावलेली. तरी तीन वर्षं व्यापारी यायचे ते संजीवनीकडे. जागेवर सौदा करायचे, गाडी भरून न्यायचे. सर्जेराव मात्र क्रेट घेऊन इंदापूरच्या बाजारात ताटकळत उभे राहायचे. आता याला नशीब नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

त्यात संजीवनीने तिच्या बागेकडे जाणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी पाटी लावलेली, 'डाळिंब बाग. आत या, चहा घ्या.' कोण कुठला येईल त्याला चहा. आणि रोज सकाळी गोठा झाडताना इकडे ऐकू येईल अशा आवाजात म्हणायची, "आज कायतरी चांगलं हुनार हाय." हेही असल्याच एका शिबिरात शिकलेलं. ते वाक्य कानावर पडलं की कुशाबाईंचा चहा कडू व्हायचा.

त्यांची स्वतःची बाग कुणाला दिसत नव्हती. दिसूच नये म्हणून रस्त्याकडून आणि पाणंदीकडून त्यांनी डोक्यावर जाईल अशी हिरवी जाळी बांधून घेतली होती. लोकांची नजर वाईट. नजर म्हणजे काय हे कुशाबाईंना पक्कं ठाऊक होतं, कारण रोज सकाळी बांधावर उभं राहून त्या स्वतः ती संजीवनीच्या झाडांना लावत होत्या. बांधाच्या बाजूला त्यांनी जाळी लावली नव्हती.

तर विसाव्या दिवशी अकराच्या सुमारास झुंबरशेठ व्यापाऱ्याची जीप रस्त्यावर येऊन थांबली. कालव्याचं पाणी फुटून पाणंदीत गुडघाभर चिखल झाला होता.

"मावशी, संजीवनीताईंच्या बागंकडं दुसरी वाट हाय का?"

'न्हाय' अगदी ओठांवर आलं. एवढं म्हटलं की जीप वळणार, शेठ भिगवणकडे निघून जाणार आणि संजीवनीचं फळ झाडावर तडकणार. कुशाबाईंना ते सगळं डोळ्यांपुढे दिसलं आणि खरं सांगायचं तर गोडही वाटलं. पण व्रत होतं. मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि संजीवनीबद्दल आणखी एकवीस चांगल्या गोष्टी आणायच्या कुठून?

"हाय," त्या चडफडत म्हणाल्या. "आमच्या बागंतनं."

जाळीचा कोपरा वर करून शेठ आत शिरले. पाच-सहा झाडं गेले आणि थांबले. ऊन लागू नये म्हणून झाडावर टाकलेली जुनी साडी त्यांनी बाजूला केली, एक फळ तळहातावर घेतलं, फिरवून पाहिलं.

"ही बाग कुनाची?"

"माझीच की."

"मावशी, तीन वर्सं मी हितनं येतोय-जातोय. मला वाटायचं जाळीमागं कोंबड्या हायत."

तीन वर्षं ज्याला कुशाबाई फुटकं नशीब म्हणत होत्या, ते हिरवं कापड होतं आणि त्याच्या गाठी त्यांनी स्वतःच्या हाताने मारल्या होत्या.

बोलणं ऐकून संजीवनी चहाचे कप घेऊन बांधावर आली. "या शेठ. अक्का, तुमी बी घ्या."

शेठनी चहा संपवला आणि कप खाली ठेवला. "ताई, गाडी एकच हाय. यंदा ह्यांचं फळ भरतो, रंग लई चांगला आलाय. तुमचं पुढच्या खेपंला बघू."

पुढची खेप पंधरा दिवसांनी. तोवर फळ टिकणार नाही, हे तिघांनाही माहीत होतं. संजीवनीचा नवरा दीपक कारखान्यात पाळीवर, बाजारात माल घेऊन जाणारं तिच्याकडे दुसरं कुणी नव्हतं.

कुशाबाईंनी हावऱ्यासारखं जावेच्या तोंडाकडे पाहिलं. या घडीची त्यांनी तीन वर्षं वाट पाहिली होती. संजीवनीचं हसू जागेवर होतं, पण तिचे डोळे बांध ओलांडून कुशाबाईंच्या बागेत गेले आणि एकेका झाडावरून फिरत राहिले. ती नजर कुशाबाईंनी तिथल्या तिथे ओळखली. ती त्यांचीच होती.

मग संजीवनीने रिकामे कप गोळा केले. "चांगलं झालं, अक्का," ती म्हणाली. म्हणताना तिला किती जड गेलं, ते कुशाबाईंशिवाय कुणाला कळलं नसतं.

निम्मं हिचं भरा, असं शेठना सांगता आलं असतं. कुशाबाईंच्या मनात ते आलंही. त्या बोलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत गाडी भरून गेली. सर्जेरावांनी गावातून जिलेबी आणली. कुशाबाईंनी एक तुकडा मोडला आणि बाकीची झाकून ठेवली.

सकाळी त्या चहा घेऊन ओट्यावर बसल्या. पलीकडे खराटा वाजायला लागला. आता म्हणेल, मग म्हणेल. गोठा झाडून झाला, खराटा थांबला, तरी ते वाक्य आलं नाही. तीन वर्षं ज्याने चहा कडू केला, ते आज नव्हतं तर चहा घशाखाली उतरेना.

कुशाबाई उठल्या. सर्जेरावांचे रिकामे क्रेट भिंतीशी रचलेले होते. एकावर एक चार उचलून त्या बांधावर गेल्या आणि ठेवून दिले. मग आणखी चार आणले.

संजीवनी गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते.

"तोडनी सुरू कर," कुशाबाई म्हणाल्या. "इंदापूरला ह्यांच्या वळखी हायत. घिऊन जातील तुझं. आज मोकळंच हायत ते."

कुशाबाई जायला वळल्या, पण एकविसावा दिवस बाकी होता. त्या थांबल्या आणि कधी नव्हे ते मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"संजे, आज कायतरी चांगलं हुनार हाय."

संजीवनी बांधावर आली, वरचा क्रेट उचलला आणि पदराने त्याची धूळ पुसायला लागली.