बोलायचं ते पुढाऱ्याने

आगारप्रमुख निवृत्त झाले, पण त्यांचं प्रमुखपण काही निवृत्त झालं नाही. पूर्वी आगारातली प्रत्येक बस त्यांच्या हुकमाने सुटायची. आता हुकूम सोडायला घरात उरली होती एक बायको, आणि लेकीने टीव्हीला जोडून दिलेला व्हिडिओ गेम.

गेममध्ये दोघांची टोळी होती. पुढारी अर्थातच ते. बायको वैदीण, कारण सगळा जन्म तिने हॉस्पिटलात नर्स म्हणून काढला होता. गेमचे नियम दोन. गावकऱ्यांशी बोलायचं ते फक्त पुढाऱ्याने. आणि सोबती फार लांब गेला, की गेम त्याला उचलून पुन्हा पुढाऱ्यापाशी आणून ठेवणार. गेम बनवणारा माणूस आगारप्रमुखांना भलताच शहाणा वाटला.

बायको ओढ्याकाठी औषधी पाला खुडायला वळली, की झटकन परत नवऱ्याशेजारी.

"अहो, जरा इकडे या ना. पाला राहिला."

"आधी राक्षस. पाला कुठे पळून जातोय?"

"मग जखमेला काय राक्षस बांधू?"

आगारप्रमुखांचं लक्ष मुळात गेममध्ये नव्हतं. परवा तिच्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. नव्या नर्सना शिकवायला त्यांना ती हवी होती. ती अंघोळीला गेलेली, म्हणून यांनीच सवयीने सांगून टाकलं, "तिला नाही जमायचं." तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. तिला कळलं तर ती जाणार, आणि ती गेली तर दिवसभर बोलायचं कुणाशी? त्यांना एकटेपणाची चक्क भीती वाटत होती. पण तसं कबूल करण्यापेक्षा राक्षसाच्या तोंडी जाणं सोपं होतं, म्हणून ते गेले. मलम नव्हतंच. पुढारी आडवा झाला आणि पुढारीपण आपोआप वैदिणीकडे गेलं.

तिने आधी मनसोक्त पाला खुडला, मग सावकाश नवऱ्याला उठवलं आणि गावच्या बाजारात शिरली. आगारप्रमुख लढाईच्या दिशेने धावले की गेम त्यांना उचलून दुकानाच्या दारात उभं करी.

"अगं, किती वेळ?"

"भाव तर विचारू द्या."

एवढ्यात गावचा मुखिया पुढे आला. डोंगरापलीकडे साथ पसरली होती. टोळी येईल का, असं त्याचं विचारणं होतं. बायकोने रिमोट मांडीवर ठेवला.

"काय हो, जायचं का?"

"पुढारी तू. मला कशाला विचारतेस?"

"विचारायला काय पैसे पडतात?"

आगारप्रमुखांनीही रिमोट खाली ठेवला. मग धरण फुटावं तसं सगळं बाहेर आलं. "परवा डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. मी परस्पर नाही म्हणून सांगितलं. चुकलंच माझं. तू नसलीस की घर खायला उठतं गं मला."

तिने मुखियाला होकार दिला आणि मगच नवऱ्याकडे पाहिलं.

"माहीत आहे. त्यांनी मला पुन्हा फोन केला. सोमवारपासून जातेय मी."

"मग दोन दिवस गप्प का होतीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते."

आगारप्रमुखांनी रिमोट पुन्हा उचलला. मग पडेल आवाजात म्हणाले, "आणि माझ्या जेवणाचं?"

"तुमचं तुम्ही करणार आहात, आणि माझा डबाही. डॉक्टरीणबाईंना मी तसं सांगून टाकलंय."