इर्जिकेचा नवा ग्रुप

तिकोणा पेठ गावात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, अजून इर्जिकेने होते. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. मजुरी नाही, ज्याचं रान त्याने जेवण घालायचं. कुणाची पाळी कधी, हे कोंडाजीभाऊंच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर ठरायचं. भाऊ त्याचे एकटे ॲडमिन, आणि ॲडमिन झाल्यापासून त्यांची मान भलतीच ताठ झाली होती.

यंदा धोंडाबाईंनी त्या ग्रुपवर सगळ्यांदेखत सांगितलं, की भाऊंच्या इर्जिकेला रस्सा पाणचट होता. होताच मुळी! पण भाऊंनी बाईंना तडकाफडकी ग्रुपमधून काढून टाकलं, आणि त्यांची पाळी लागायचीच राहिली. इकडे रोप पिवळं पडायला लागलं. एकटी बाई, चार खाचरं. वेळेत आवणी झाली नाही तर वर्षभराचा भात गेला म्हणायचा. दुसरा ग्रुप काढावा, तर त्याचा ॲडमिन कोण यावरून आणखी एक भांडण.

बाईंच्या भाचीचा, सारिकाचा, जीव तुटत होता. ती हिंजवडीत कॉम्प्युटरच्या नोकरीला. तिने एक नवा चॅट आणला होता, ज्याला मालकच नाही. प्रत्येक वाडीने टिफिनएवढा आपला डबा, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर, ठेवायचा, आपल्या माणसांचं बोलणं आपल्याच डब्यात, आणि सगळे डबे एकमेकांशी जोडलेले. एखादा रुसून बंद पडला तरी बाकीच्यांच्या गप्पा चालू. एक डबा तिने स्वतःच्या घरी लावला, दुसरा आत्याच्या. मग आठवडाभर घसा कोरडा करून लोकांना खासगीपणा समजावला. लोक चहा पाजायचे आणि म्हणायचे, आमच्यात चोरण्यासारखं हाय काय?

शेवटी सारिकाने समजावणं सोडून दिलं. तिने आत्याला नव्या चॅटवर, आपल्या आवाजात, आवणीचं आवतण द्यायला लावलं. मग घरोघर जाऊन एवढंच म्हणाली, की धोंडाआत्या काहीतरी बोललीय, ऐकायचं असेल तर हे मोबाइलवर घ्यावं लागेल.

बस्स! बाई भाऊंबद्दल काय बोलल्या असतील, या विचाराने गावाला चैन पडेना. शेजारच्या लीलाबाईंनी आधी घेतलं, मग त्यांच्या दोन्ही सुनांनी. संध्याकाळपर्यंत सारिकाचा मोबाइल वाजायचा थांबेना. पलीकडच्या पाळण्याच्या वाडीने तर स्वतःहून डबा मागितला. सारिका आनंदाने अंगणात नाचायचीच बाकी होती. आत्याने भाऊंचं नावही घेतलं नव्हतं, फक्त म्हटलं होतं, "गुरवारी माज्याकडं या. रोप वाट बघतंय."

गुरुवारी बांधावर माणूस मावेना. बायकांनी ओळी धरल्या, गाणी सुरू झाली, पहिलं खाचर बघता बघता हिरवं झालं. तेवढ्यात कोंडाजीभाऊ येऊन बांधावर उभे राहिले. गाणं थांबलं.

भाऊंनी मोबाइल पुढे केला. "सारिके, ह्या नव्या ग्रुपचा ॲडमिन कोन? कुनाला इचारून आत यायचं?"

उत्तर आत्याने दिलं, वाकल्या वाकल्याच. "कुनाला न्हाई इचारायचं, भाऊ. रोपाची मूठ घ्या नि उतरा."

भाऊंनी मोबाइल खिशात टाकला, लेंगा गुडघ्यावर ओढला आणि धोंडाबाईंच्या शेजारची ओळ धरली.