मावशीच्या रायफलीवरचा लाल फुगा

आमच्या अलास्काच्या किनाऱ्यावर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. म्हणून सत्तरीची एस्टर मावशी रायफलीच्या नळीचं तोंड चिकटपट्टीनं बंद केल्याशिवाय जंगलात शिरत नाही. मी धक्क्यावर तिची पट्टी गुपचूप काढली आणि तिच्या नातीच्या वाढदिवसाचा लाल फुगा चढवला. होडीवाले खो खो हसले.

"मावशे, केक कधी कापायचा?" मी विचारलं.

"आधी हरीण कापू, माकडा!" म्हणत तिनं फुगा तसाच ठेवला.

मावशीचा नवरा, म्हणजे आमचे काका, जाऊन वर्ष झालं होतं; शनिवारी त्यांच्या नावानं जेवण होतं. अख्खं गाव येणार आणि पानात हरणाचं मटण नाही, म्हणजे मावशीचं नाकच कापलं जाणार.

दलदलीत मी घसरलो. आधाराला मावशीला धरलं, तर तीही माझ्यासोबत आपटली. दोघांच्या रायफलींच्या नळ्या वीतभर चिखलात रुतल्या. मान वर केली तर समोर हरीण! माझी नळी उघडी होती, आत चिखल गच्च बसलेला. गोळी झाडली असती तर नळी फुटून माझंच थोबाड उडालं असतं. मावशीनं शांतपणे चिखलानं माखलेला फुगा ओढून काढला. आत नळी कोरडी ठणठणीत. एकच गोळी, आणि हरीण आडवं. काय बाई आहे राव!

शनिवारी तोच फुगा धुऊन, फुगवून माझ्या खुर्चीला बांधलेला.

"हा माझा भाचा," मावशी गावाला म्हणाली. "स्वतःच्या नळीला काही लावत नाही, पण फुगे छान आणतो."

सगळ्यात जोरात मीच हसलो. आता माझ्या रायफलीवर हिरवा फुगा असतो.