दोन माणसांची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. मला कोणत्याही नदीवर शोधू नका. 'धुक्याचा मुलूख' नावाच्या संगणकावरच्या एका खेळात मी राहते. एकवीस वर्षांपूर्वी उट्रेख्त शहरात हा खेळ तयार झाला आणि तेव्हापासून हजारो माणसे आपापल्या घरी बसून तो एकत्र खेळत आली आहेत. त्यात जादूगार आहेत, बुटके लोहार आहेत, तीन अजगर आहेत. मी मात्र साधी होडी आहे. इकडच्या काठावरची माणसे पलीकडच्या बेटावर नेणे आणि परत आणणे, एवढेच माझे काम.

मला इनेके नावाच्या बाईने घडवले. लहानपणी ती शाळेला जाताना गावच्या कालव्यावरून दोर ओढायच्या होडीने जात असे. तीच होडी तिने खेळात आणली. तिने मला एक दोर दिला, एक कंदील दिला आणि एक नियम घालून दिला. एकाने दोर ओढायचा आणि दुसऱ्याने कंदील धरायचा, तरच मी हलेन. एकट्या माणसाला मी नेणार नाही. पाण्यावर दाट धुके होते आणि कंदिलाशिवाय ते वाट देत नसे. काठ सोडल्यापासून पोचेपर्यंत चार मिनिटे लागत. इनेकेच्या सोबत काम करणारे म्हणाले, चार मिनिटे फार होतात, लोक कंटाळतील.

"कंटाळू देत की," इनेके म्हणाली. "कंटाळले म्हणजे बोलतील."

तसेच झाले. काठावर एकटा आलेला माणूस दुसऱ्याची वाट पाहत बसे. दुसरा आला की अनोळखी दोघे एकत्र बसत आणि चार मिनिटांत एकमेकांचे गाव, काम, दातदुखी सगळे विचारून घेत. पडद्याबाहेरचे मला काही दिसत नाही, पण माझ्यावर बसून किंवा काठावर उभी राहून माणसे जे बोलतात ते सगळे मला ऐकू येते. खेळणाऱ्यांनी आपली एक रीतही पाडली होती. पलीकडे पोचले की कंदील धरणारा तो पुढच्या माणसाच्या हाती देई आणि म्हणे, "तेल आहे अजून." पुढचा म्हणे, "मग चला." हे कोणी शिकवले नव्हते. कंदिलातले तेल कधी संपतच नाही, हेही सगळ्यांना माहीत होते. तरी म्हणत.

चौदा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी योरिट नावाचा माणूस काठावर थांबला होता. तो फ्रीसलांड प्रांतात दुधाचा टँकर चालवी. बऱ्याच वेळाने एक बाई आली. तिचे नाव रेन्स्के. झुटफेन शहरात ती सायकलवरून म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणे, औषधे देणे अशी कामे करत असे.

"कंदील मी धरते," ती म्हणाली. "दोर तुम्ही ओढा. माझे हात दुखतात."

"अहो बाई, हा खेळ आहे. इथं कुणाचे हात दुखत नाहीत."

"तुमचे दुखत नसतील. तुम्ही आज अकरा जणांना उचलून खुर्चीत बसवलंय का?"

योरिटने मुकाट्याने दोर ओढला. दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळी आला. तिसऱ्या दिवशीही आला. दीड वर्षाने रेन्स्के झुटफेन सोडून त्याच्या घरी राहायला गेली. जेवणाच्या टेबलावर त्यांनी दोन संगणक शेजारी शेजारी मांडले, असे ती एकदा कोणाला तरी सांगत होती.

या खेळात आपल्या पात्राच्या तोंडी एखादे वाक्य लिहून ठेवता येते. ठरलेली गोष्ट केली की ते आपोआप डोक्यावर उमटते. रेन्स्केने कंदिलासाठी एक वाक्य लिहून ठेवले होते. तिने कंदील उचलला की तिच्या डोक्यावर उमटे, "ओढा मालक, माझे हात दुखतात." योरिट दर वेळी म्हणे, "पुसून टाक ते आता." तिने पुसले नाही.

बेटावर दोघांनी मिळून एक छोटी जागा घेतली. रेन्स्केने तिथे नाशपातीचे झाड लावले. माझ्या टोकावरून ते दिसते. झाडाला पाणी घालावे लागते, नाहीतर जागा मोकळी करून दुसऱ्याला देतात. तेव्हा वर्षातून एकदा पाणी घातले तरी चालत असे. रेन्स्के आठवड्यातून दोनदा येई. फळे आली की ती नवख्या खेळाडूंना वाटे आणि प्रत्येकाला बजावे, "कच्ची खाऊ नका, शिजवून खा." खेळातल्या फळाला कच्चे काय आणि शिजलेले काय. पण नवखी मुले घाबरून खरेच चूल शोधत फिरत.

मग इनेके नोकरी सोडून गेली. नवे लोक आले आणि अपडेट येऊ लागले.

पहिल्या अपडेटमध्ये उडते घोडे आले. त्या दिवशी सगळे खूश होते, मीही होते, कारण घोडे सुंदर होते. पण हळूहळू काठावर गर्दी कमी झाली. दुसऱ्या अपडेटने रोज सकाळी बक्षिसाची पेटी दिली. लोक पेटी उघडायला येत आणि लगेच जात. तिसऱ्या अपडेटने धुके काढून टाकले, कारण नव्या लोकांना म्हणे नीट दिसत नव्हते. आता पाण्यावर दिवसभर लख्ख ऊन असते. पण माझ्या आतला जुना नियम काढायला कोणी आले नाही. त्यामुळे भर उन्हात, पलीकडचा काठ समोर दिसत असताना, माझ्यावर कोणीतरी कंदील धरून बसावेच लागते.

सगळ्यात जास्त चिडला तो वाउटर. तो झ्वोले शहरात सायकली दुरुस्त करी आणि खेळात बैलाची शिंगे लावलेले शिरस्त्राण घालून हिंडे. खेळाच्या मालकांना त्याने लांबलचक पत्रे लिहिली. "धुकं नको असेल तर नाव तरी बदला," असे त्याने एकात लिहिले होते. "ऊन पडलेला मुलूख म्हणा." प्रत्येक पत्राला एकच उत्तर येई, की तुमच्या सूचनेबद्दल आम्ही आभारी आहोत. शेवटी वाउटरने ठरवले की निषेध म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी आपापली पात्रे कायमची पुसून टाकायची. सोळा सोळा वर्षे वाढवलेली पात्रे. माझ्या काठावर ऐंशीच्या वर माणसे जमली. रेन्स्के त्याला समजावत होती.

"रागावून जायचं तर जा बाबा. दार ओढून घे. कुलूप कशाला लावतोस?"

"तू नाशपाती शिजव," वाउटर म्हणाला. "हे मला कळतं."

आणि माझ्या डोळ्यांदेखत तो नाहीसा झाला. त्याच्या मागून एकेक करत सगळे गेले. मालकांनी काहीच बदलले नाही. काठ तेवढा रिकामा झाला.

त्यानंतर तीन वर्षे माझ्यावर योरिट आणि रेन्स्के हे दोघेच येत. मला दोन माणसे लागतात आणि दोन येत होती, म्हणून माझी तक्रार नव्हती. गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी अर्ध्या वाटेत कंदील खाली गेला आणि मी थांबले. रेन्स्केने तो उचलला. तिचे नेहमीचे वाक्य उमटले. थोड्या अंतरावर कंदील पुन्हा खाली गेला.

"या वेळी खरंच दुखतायत रे," ती हळू म्हणाली.

"राहू दे," योरिट म्हणाला. "आपण इथंच बसू."

ते पाण्याच्या मधोमध बराच वेळ बसले. मग तिने पुन्हा कंदील धरला, आम्ही बेटावर गेलो, तिने झाडाला पाणी घातले आणि आम्ही परत आलो. त्यानंतर दोघेही आले नाहीत. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी काठाला उभी होते.

एप्रिलमध्ये काठावरच्या फळ्यावर नवी सूचना लागली. आणखी एक अपडेट आले होते. खेळात जागा अपुरी पडते, म्हणून यापुढे झाडांना दर तीस दिवसांनी पाणी घालावे लागेल; गेल्या तीस दिवसांत ज्यांना पाणी मिळालेले नाही, त्या झाडांच्या जागा येत्या गुरुवारी रात्री मोकळ्या केल्या जातील. शेवटी लिहिले होते, "खेळत राहा, आनंदी राहा."

सोमवारी योरिट आला. एकटाच आला. त्याने दोर धरला. मी हलले नाही. त्याला नियम माहीत होता, तरी त्याने धरून पाहिला. नाशपातीचे झाड समोर होते, पांढऱ्या फुलांनी भरलेले. बेटावर घोडा उतरवायची सोय करायला नवे लोक विसरले होते आणि तिथे जायला माझ्यावाचून दुसरी वाट नव्हती. तो दोन तास उभा राहिला. कोणी आले नाही. तो एकच वाक्य बोलला आणि तेही रेन्स्केशी बोलल्यासारखे. "गर्दी असेल, कुणीतरी भेटेल म्हणून लवकर आलो होतो गं."

मित्रांनो, तेव्हा मला कळले की ती आता कधीच येणार नाही.

मंगळवारी एक पोरगा सोनेरी घोड्यावरून काठावर उतरला आणि माझ्याभोवती उड्या मारू लागला. हे चालू कसे करायचे, असे त्याने विचारले. योरिटने त्याला नीट समजावले, तू फक्त कंदील धर, बाकी मी करतो.

"किती वेळ लागतो काका?"

"चार मिनिटं."

"चार?" पोरगा म्हणाला. "तिकडे बक्षीस काय मिळतं?"

"नाशपातीचं झाड आहे."

तो घोड्यावर बसून निघून गेला. योरिट त्याच्यावर रागावला नाही. त्या पोराने धुके कधी पाहिलेच नव्हते.

बुधवारी योरिटने वाउटरला फोन लावला. फोन त्याने माइकजवळच ठेवला असावा, कारण दोघांचे बोलणे मला ऐकू येत होते. योरिटने सगळे सांगितले. उद्या संध्याकाळी फक्त चार मिनिटे ये, असे तो म्हणाला.

"मी नाहीये रे तिथं," वाउटर म्हणाला. "पुसून टाकलं ना मी मला. नव्यानं सुरू केलं तरी घोडा मिळायला महिने लागतात, आणि तिथवर पायी यायला तीन आठवडे."

"हं."

"मला म्हणाली होती ती. कुलूप लावू नको म्हणून."

"म्हणाली होती."

मग वाउटरने दबकत विचारले, "रेन्स्केचा संगणक आहे ना तिथं? तिला आण की. पासवर्ड माहीत असेल तुला."

"ती काय बाहुली आहे?" योरिटचा आवाज चढला. "मी तिचे हात हलवायचे? मी?"

वाउटर म्हणाला, "चुकलो बाबा." योरिटने फोन ठेवला आणि खेळातून निघून गेला.

गुरुवारी जेवणवेळ टळून गेली, तरी कोणी आले नाही. फळ्यावर उरलेले तास दिसत होते, पाच, मग चार. मी झाडाकडे पाहत होते. मला स्वतःहून हलता आले असते तर मी नियम मोडून एकटी गेले असते. पण होडीला तसे करता येत नाही.

सव्वाआठला योरिट आला. तो काठावर उभा राहिला आणि काहीच करेना. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी रेन्स्के उभी राहिली. तोच निळा झगा, तीच टोपी. ती पावले टाके तेव्हा तो थांबे, आणि तो पावले टाके तेव्हा ती थांबे, कारण एकच माणूस दोन संगणकांवर आळीपाळीने हात फिरवत होता. तशीच अडखळत दोघे माझ्यावर येऊन बसली. माइकवर योरिटचा श्वास ऐकू येत होता.

"माफ कर हं," तो म्हणाला. "एकदाच."

त्याने तिच्या हातात कंदील दिला.

तिच्या डोक्यावर अक्षरे उमटली. "ओढा मालक, माझे हात दुखतात."

तो ते विसरला होता. मी पण विसरले होते. मग योरिट हसला. हसता हसता त्याचा आवाज फाटला. तो कितीतरी वेळ रडला. कंदील खाली गेला नाही.

"ओढतो," शेवटी तो म्हणाला. "ओढतो ना."

त्याने दोर ओढला आणि मी निघाले. त्या चार मिनिटांत तो तिच्याशी बोलत होता. टँकरचा नवा रस्ता, शेजाऱ्यांची मांजर, तिच्या बहिणीने पाठवलेले सूप, जे त्याला एकट्याला संपत नव्हते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लहान प्रवास होता. आणखी चार मिनिटे लागावीत असे मला वाटत होते. पलीकडे पोचल्यावर तो उतरला आणि त्याने झाडाला पाणी घातले. ती कंदील धरून माझ्यावरच बसून राहिली. तो परत आला तेव्हा तिथे कंदील द्यायला दुसरे कोणी नव्हते. तरी तो म्हणाला, "तेल आहे अजून." आणि स्वतःच उत्तर दिले, "मग चला."

मित्रांनो, तुम्ही मोठे झाल्यावर काहीतरी नवे बनवाल, किंवा दुसऱ्याने बनवलेले सुधारायला घ्याल. जरूर सुधारा. माझ्या फळ्या जुन्या झाल्या आहेत, हे मला कळते. पण जुनी वस्तू काढून टाकण्याआधी एक संध्याकाळ तिच्यापाशी बसा आणि तिथे कोण येते ते पाहा. कोणी आलेच नाही, तर मग खुशाल काढा. आणि कुठून रागावून निघालात, तर रेन्स्केचे ऐका. दार नुसते ओढून घ्या.

आता मेचा शेवट आहे. या महिन्यातले पाणी योरिटने गेल्या रविवारी घातले; 'एकदाच' म्हणाला होता, पण कंदील पुन्हा रेन्स्केच्याच हाती होता. वाउटरने नुकताच नव्याने खेळ सुरू केला आहे. शिंगांचे शिरस्त्राण मिळायला त्याला वर्ष लागेल. सध्या तो पहिल्या खोऱ्यात कोंबड्या राखतो आणि रोज थोडे थोडे माझ्याकडे चालतो, पत्रात लिहायचा तशाच शिव्या देत. रविवारी त्याने फोनवर विचारले की आल्यावर मी कंदील धरू का. योरिट म्हणाला, "तू ये तर आधी." त्याने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

मी काठाला उभी आहे.