माळावरचं खारट अक्षर

मित्रांनो, मी सोलापूरच्या माळावरचा एक जुना, चपटा दगड आहे. दगडाला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. पण मी नुसता दगड नाही, अक्षराचा तुकडा आहे.

माळावर विमानं उतरू लागली, तेव्हा गवंड्यांनी आम्हा काळ्या दगडांच्या ओळी मांडून तीन भलीमोठी इंग्रजी अक्षरं केली आणि त्यांवर चुना फासला. ही सोलापूरची खूण. कुर्डुवाडीकडून रेल्वेच्या रुळांच्या मागोमाग येणारा वैमानिक ती आभाळातून वाचायचा आणि निर्धास्त उतरायचा. मी पहिल्या अक्षराच्या वळणावर होतो. आपण मिळून कसे दिसतो, हे मात्र मला कधीच कळलं नाही. उताणा पडून ढगांकडे बघायचो आणि वाटायचं, ते तरी जाता जाता मला वाचत असतील.

चिमाबाई मोहोळकडची मेंढपाळ. मेंढरांना मीठ मातीत टाकून चालत नाही, चपट्या दगडावर ठेवावं लागतं. एवढे दगड ओळीनं मांडलेले बघून तिला वाटलं, कुणा पुण्यवंतानं मेंढरांचीच सोय केली! तिनं आमच्यावर मीठ पसरलं. काळी मेंढरं रांगेनं उभी राहिली आणि मिठाबरोबर चुनाही चाटू लागली. त्यांच्या खरखरीत, उबदार जिभा मला फार आवडायच्या.

विमानांच्या माळाचा राखणदार असलेल्या धोंडीरामाच्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा.

"चिमाबाई, समदा चुना खाल्ला की तुज्या मेंढरांनी! पुन्यांदा हितं दिसली, तर कळप कोंडवाड्यात घालीन."

"आसं नगा करू, दादा. उन्हाळ्यात दुसरं गवात कुटं हाय? गाभण मेंढ्या हायत्या वो."

ती डोळे पुसत कळप घेऊन बांधापलीकडे गेली. मला फार वाईट वाटलं.

त्याच दुपारी वावटळ उठली. धुळीत रूळ दिसेनासे झाले. डोक्यावर एक विमान घरघरत घिरट्या घालू लागलं. सपाट जागा कुठं आहे, हे त्याला उमगत नव्हतं. भोवती नुसत्या खाणी आणि बाभळी. नवा चुना अजून शहरातून यायचा होता. आम्ही उघडेबोडके, धुळीनं माखून मातीच्याच रंगाचे झालो होतो. आज आपल्याला कुणीच वाचणार नाही, या भीतीनं मी गारठलो.

धोंडीराम हातवारे करत धावत सुटला. मग एकाएकी बांधाकडे वळून ओरडला, "चिमाबाई! पिशवीत मीठ हाय का?"

"हाय की! पर तुमीच नगं म्हणला न्हवं?"

"आता टाक बाई! समद्या दगडांवर टाक!"

दोघांनी धावत धावत मीठ पसरलं. कळप उधळत आला आणि आमच्या ओळींना चिकटला. पिवळ्या गवतावर तीन काळी अक्षरं उमटली असणार. विमान एकदा वाकलं, वळलं आणि अलगद माळावर टेकलं.

वैमानिक उतरला. तो हसत होता. "काय हो, तुमचं सोलापूर वरून शेपट्या हलवताना दिसलं!"

धोंडीरामानं फेटा सारखा केला. "साहेब, ती आमच्या चिमाबाईची मेंढरं." 'आमच्या' म्हणाला तो! कोंडवाड्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

आता विमानं दुसरीकडे उतरतात. माझे सोबती दगड शेतांच्या बांधांना लागले. मी एकटाच गवतात पडून आहे. मित्रांनो, माळावर चपटा दगड दिसला, तर पायानं उडवू नका. त्यावर चिमूटभर मीठ ठेवा. मेंढरू येईल, आणि मला कुणीतरी वाचल्यासारखं वाटेल.